अदृश्य तेज

माणसाला निसर्गाने पाच ज्ञानेंद्रिये दिली आहेत. विस्तवाची धग लागली की हात आपोआप मागे सरतो. नासलेल्या अन्नाची वार्ता जिभेच्या आधी नाकाला कळते. पाचोळ्यातील सापाची सळसळ कानावर येताच पाऊल जागच्या जागी थबकते. ही इंद्रिये म्हणजे शरीररूपी वाड्याच्या देवडीवर बसलेले पहारेकरीच होत. परंतु ह्या विश्वात असेही एक तेज आहे की, जे ह्या पाचही पहारेकऱ्यांना चकवून वाड्यात शिरते. ते डोळ्यांना दिसत नाही. त्याला वास नाही, रुची नाही, आवाज नाही. ते अंगातून आरपार गेले तरी त्या क्षणी काहीच जाणवत नाही. हेच तेज मोडलेले हाड दाखविते, कर्करोगाची गाठ नष्ट करते, आणि अविचाराने हाताळले तर धडधाकट माणसाचा प्राणही घेते. त्याची ओळख मनुष्याला कशी झाली, त्या ओळखीची किंमत कोणी मोजली आणि आपण त्याच्याशी कसे वागावे, हे ह्या पाठात पाहावयाचे आहे.

जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटजेन नावाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. ८ नोव्हेंबर १८९५ ह्या दिवशी ते आपल्या प्रयोगशाळेत निर्वात काचनळीतून विजेचा प्रवाह सोडून प्रयोग करीत होते. नळी काळ्या जाड कागदाने पुरती झाकलेली होती. खोलीत अंधार होता. तरीही काही अंतरावर ठेवलेला, विशिष्ट रसायनाचा लेप दिलेला एक पडदा मंदपणे चमकू लागला. नळीतून कोणते तरी अज्ञात किरण बाहेर पडत असले पाहिजेत, हे राँटजेन ह्यांनी ओळखले. पुढे कित्येक आठवडे ते त्या एकाच शोधात गढून गेले. हे किरण कागदातून, लाकडातून व मांसातून पार जातात, परंतु हाडे व धातू त्यांना अडवितात, असे त्यांना आढळून आले. २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीचा हात प्रकाशचित्रणाच्या काचेवर ठेवून त्यावर हे किरण सोडले. काचेवर बोटांची हाडे आणि एका बोटातील अंगठी स्पष्ट उमटली! जिवंत माणसाच्या हाताचा सांगाडा अशा रीतीने जगाला प्रथम पाहावयास मिळाला. बीजगणितात अज्ञात राशीसाठी जसे अक्षर योजतात, तसेच ह्या अज्ञात किरणांनाही एका अक्षराचे नाव मिळाले, आणि मराठीत ते ‘क्ष-किरण’ म्हणून रूढ झाले. पदार्थविज्ञानातील पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली राँटजेन ह्यांनाच देण्यात आले. आपल्या शोधाचे एकस्व मात्र त्यांनी घेतले नाही.

राँटजेन ह्यांची वार्ता ऐकून पॅरिसमधील शास्त्रज्ञ आंरी बेक्वेरेल ह्यांचे कुतूहल जागे झाले. युरेनियमच्या क्षारांवर सूर्यप्रकाश पाडला तर त्यांतूनही असेच किरण निघतील काय, हे ते तपासत होते. १८९६ च्या फेब्रुवारीअखेर आकाश अभ्राच्छादित झाले. प्रयोग थांबला, आणि काळ्या कागदात गुंडाळलेली काच व तिच्यावरील युरेनियमचे क्षार त्यांनी खणात ठेवून दिले. काही दिवसांनी ती काच धुऊन पाहतात तो काय! सूर्यकिरणाचा स्पर्शही न होता तिच्यावर क्षारांची ठळक आकृती उमटली होती. ह्याचा अर्थ उघड होता. युरेनियम हा पदार्थ कोणाच्याही साहाय्याविना, आपल्या अंतरंगातूनच किरण बाहेर टाकीत होता.

ह्या गुणधर्माला ‘किरणोत्सर्ग’ म्हणतात. त्याचा सांगोपांग अभ्यास मेरी क्यूरी ह्या विदुषीने आरंभिला. वॉर्सा येथे १८६७ साली जन्मलेली ही पोलिश तरुणी ज्ञानाच्या ओढीने पॅरिसला आली होती. पती पिअर क्यूरी ह्यांच्यासह तिने १८९८ मध्ये पोलोनियम व रेडियम ही दोन नवी मूलद्रव्ये शोधून काढली. परंतु रेडियम आहे असे म्हणणे वेगळे आणि ते हातात घेऊन दाखविणे वेगळे. त्यासाठी एका गळक्या छपराच्या पडवीत क्यूरीबाईंनी खनिजाचा गाळ उकळावा, लोखंडी दांड्याने तासन्‌तास ढवळावा, गाळावा, पुन्हा उकळावा, असा क्रम वर्षानुवर्षे चालविला. कित्येक टन गाळ उपसल्यावर १९०२ मध्ये त्यांच्या हाती ग्रॅमचा एकदशांश इतका रेडियमचा क्षार आला. रात्रीच्या अंधारात तो निळसर प्रकाशाने चमकत असे. पती-पत्नी मुद्दाम रात्री पडवीत जाऊन ते मनोहर दृश्य पाहत. त्या शांत प्रकाशात काय दडले आहे, ह्याची कल्पना तेव्हा कोणालाच नव्हती.

हे किरण सर्व एकाच जातीचे नाहीत, हेही लवकरच उमगले. अर्नेस्ट रदरफर्ड ह्यांनी १८९९ मध्ये त्यांतील दोन प्रकार वेगळे करून त्यांना ग्रीक वर्णमालेतील पहिल्या दोन अक्षरांची नावे दिली. तिसरा प्रकार १९०० साली पॉल व्हिलार्ड ह्यांना आढळला. अल्फा-किरण म्हणजे वास्तविक जड कणांचा मारा होय. ते हवेत काही सेंटीमीटर जाताच थकतात. साधा कागद किंवा त्वचेचा वरचा मृत थरही त्यांना अडवितो. बीटा-किरण म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन. ते कागद भेदतात, परंतु काही मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यापाशी थांबतात. गॅमा-किरण हे कण नसून प्रकाशाच्याच कुळातील, क्ष-किरणांचे सख्खे भाऊ आहेत. ते शरीरातून आरपार जातात. त्यांना आवर घालावयास शिशाची जाड भिंत किंवा काँक्रीटचा रुंद बांध लागतो. अणुभट्टीत उत्पन्न होणारे न्यूट्रॉन हा आणखी एक प्रकार होय.

येथे दोन गोष्टी नीट ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, प्रकाश, उष्णता व रेडिओच्या लहरी हीसुद्धा प्रारणेच आहेत. पण त्यांच्या अंगी अणूमधील इलेक्ट्रॉन उखडून काढण्याइतके बळ नसते. क्ष-किरण व किरणोत्सर्गी किरण ह्यांच्या अंगी ते असते, आणि त्यांचा सारा उपकार व अपकार ह्या बळातूनच निपजतो. दुसरी गोष्ट अशी की, क्ष-किरणांचे यंत्र बंद केले की किरण तत्क्षणी थांबतात. किरणोत्सर्गी पदार्थाला मात्र कळ नसते. तो आपल्या स्वभावानुसार हळूहळूच क्षीण होतो. औषधोपचारात वापरतात त्या किरणोत्सर्गी आयोडीनचे बळ आठ दिवसांत निम्मे होते; कोबाल्ट-६० ला त्यासाठी सुमारे सव्वापाच वर्षे लागतात; रेडियमला सोळाशे वर्षे! ह्या कालावधीस त्या पदार्थाचे ‘अर्धायुष्य’ म्हणतात.

नव्या शोधाच्या आनंदात माणसे सावधपणा विसरली. अमेरिकेतील सुविख्यात संशोधक एडिसन ह्यांच्या प्रयोगशाळेत क्लॅरेन्स डॅली नावाचा सहायक होता. क्ष-किरणांच्या नळ्या तपासताना तो नित्य आपला हातच किरणांसमोर धरी. हातांवर व्रण उठले, ते भरेनात. पुढे कर्करोग जडला, दोन्ही हात कापावे लागले, आणि १९०४ साली त्याचा अंत झाला. एडिसन ह्यांनी क्ष-किरणांवरील काम कायमचे सोडून दिले. अशा रीतीने किरणांना बळी पडलेल्या डॉक्टरांचे, परिचारिकांचे व शास्त्रज्ञांचे एक स्मारक जर्मनीतील हँबर्ग येथे १९३६ मध्ये उभारण्यात आले. आरंभीच त्याच्यावर दीडशेहून अधिक नावे कोरलेली होती.

त्याहूनही करुण कथा घड्याळाच्या तबकड्या रंगविणाऱ्या मुलींची आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळी अंधारात चमकणाऱ्या घड्याळांना अमेरिकेत फार मागणी होती. अशा घड्याळांच्या आकड्यांना रेडियममिश्रित रंग देण्याचे काम कारखान्यांत तरुण मुली करीत. कुंचल्याचे टोक अणकुचीदार राहावे म्हणून ते ओठांत धरून निमुळते करण्यास त्यांना शिकविलेले होते. रंग निरुपद्रवी आहे, असे त्यांना सांगण्यात आले होते. ज्या अल्फा-किरणांना साधा कागदही थोपवितो, तेच किरण टाकणारा पदार्थ ओठांवाटे कणाकणाने पोटात गेला. रेडियमचे कॅल्शियमशी साधर्म्य असल्यामुळे शरीराने तो हाडांत साठविला. बाहेर कागदापुढे हतबल होणारा शत्रू हाडांच्या आत ठाण मांडून बसला. मुलींचे दात गळू लागले, जबडे सडू लागले, हाडे ठिसूळ झाली. कित्येकजणी ऐन तारुण्यात मरण पावल्या. त्यांच्यापैकी ग्रेस फ्रायर हिने धीर सोडला नाही. दोन वर्षे वणवण करून तिने वकील मिळविला आणि १९२७ मध्ये पाचजणींनी मिळून न्यायालयात दाद मागितली. दुसऱ्या वर्षी तडजोड होऊन त्यांना भरपाई मिळाली. ग्रेस १९३३ साली वारली. परंतु अशा कामगारांच्या शरीरांची तपासणी करूनच माणसाच्या देहात रेडियम जास्तीत जास्त किती असलेले चालेल, ही मर्यादा १९४१ मध्ये प्रथम ठरली. ती मर्यादा होती ग्रॅमचा एककोटीवा भाग! पुढे असंख्य कामगारांचे रक्षण करणारा हा आकडा त्या मुलींच्या हाडांतून मिळालेला आहे, हे विसरता कामा नये.

स्वतः क्यूरीबाईंनाही हे ऋण फेडावे लागले. पहिल्या महायुद्धात त्यांनी क्ष-किरणांची यंत्रे मोटारगाड्यांवर चढवून रणभूमीपर्यंत नेली. जखमी सैनिकांच्या देहातील गोळ्या त्यामुळे शोधता आल्या. दोन वेळा नोबेल पारितोषिक मिळविणारी ही तपस्विनी ४ जुलै १९३४ रोजी रक्ताच्या असाध्य व्याधीने निवर्तली. दीर्घकाळ किरणांच्या सहवासात राहिल्यामुळे ती व्याधी जडली, असे मानतात. त्यांच्या संशोधनाच्या वह्या आजही किरणोत्सर्गी असून शिशाचे अस्तर दिलेल्या पेट्यांत जपून ठेवलेल्या आहेत.

असे हे तेज शरीरात करते तरी काय? आपला देह असंख्य सूक्ष्म पेशींचा बनलेला आहे. प्रत्येक पेशीत तिने कसे वाढावे हे सांगणारा एक अतिसूक्ष्म धागा असतो. किरणांच्या माऱ्याने तो तुटतो. नुकसान थोडे असेल तर पेशी ते सांधून घेते. फार असेल तर ती मरते. सांधताना चूक राहिली, तर मात्र ती पेशी बेबंद वाढू लागण्याचा व कित्येक वर्षांनी कर्करोग उद्‌भवण्याचा संभव असतो. एकदम मोठी मात्रा मिळाली तर ओकाऱ्या होतात, केस गळतात, रक्त तयार होईनासे होते. वाढत्या पेशींवर किरणांचा परिणाम अधिक होतो. म्हणून लहान मुले व गर्भवती स्त्रिया ह्यांच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी लागते.

आणि नवल असे की, रोगाचे हेच कारण रोगावरचे औषधही ठरले आहे. कर्करोगाच्या पेशी झपाट्याने वाढतात व झालेले नुकसान सांधण्यात उण्या पडतात. म्हणून नेमक्या गाठीवर, मोजून मापून, अनेक दिवसांत विभागून किरण सोडले तर गाठ जळते आणि भोवतालचा निरोगी भाग बव्हंशी सावरतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९४१ पासून कर्करोग्यांची शुश्रूषा होत आली आहे, आणि किरणोपचार हे तेथील प्रमुख शस्त्र आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने तर कोबाल्ट-६० वर चालणारे उपचारयंत्र देशातच तयार करून त्यास डॉ. होमी भाभांच्या स्मरणार्थ ‘भाभाट्रॉन’ असे नाव दिले. तुर्भे येथेच १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘आयसोमेड’ संयंत्रात वैद्यकीय साहित्य गॅमा-किरणांनी निर्जंतुक होऊ लागले. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव ही कांद्याची मोठी बाजारपेठ. साठविलेल्या कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून त्याला किरणांची अल्प मात्रा देण्याचे ‘कृषक’ संयंत्र तेथे २००२ साली उभे राहिले. त्याच संयंत्रात प्रक्रिया केलेला आंबा २००७ मध्ये अमेरिकेस गेला. अशा कांद्यात वा आंब्यात किरण शिल्लक राहत नाहीत. दिव्याच्या उजेडात ठेवलेली वस्तू दिवा मालवल्यावर स्वतः उजेड देत नाही, तसेच हे आहे.

मग भ्यावे किती आणि निर्धास्त राहावे किती? ह्याचे उत्तर मात्रेत आहे. किरणांचा थोडा वर्षाव आपणा सर्वांवर जन्मापासून होतच असतो. तो आकाशातून येतो, जमिनीतून व खडकांतून येतो, श्वासावाटे आत येतो. केरळच्या किनाऱ्यावरील काही भागांत वाळूत थोरियम असल्यामुळे तो अधिक असतो. ही नैसर्गिक मात्रा जगात सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे. छातीचे एक साधे क्ष-किरण-चित्र काढताना मिळणारी मात्रा साधारणतः ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी असते. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी भयापोटी टाळणे हा शहाणपणा नव्हे. त्याचप्रमाणे कारण नसताना ती पुनःपुन्हा करून घेणे हाही शहाणपणा नव्हे.

ह्या किरणांपासून रक्षण करण्याचे नियम तीनच आहेत, आणि ते कोणासही समजतील असे आहेत. पहिला नियम वेळेचा: किरणांजवळ कमीत कमी वेळ थांबावे. दुसरा नियम अंतराचा: जितके दूर राहाल तितके उत्तम. लहानशा उगमापासून अंतर दुप्पट केले की मारा निम्मा नव्हे, तर एकचतुर्थांश होतो. तिसरा नियम आडोशाचा: आपण आणि किरण ह्यांच्यामध्ये योग्य पदार्थाची भिंत असावी. क्ष-किरण काढणारा तंत्रज्ञ कळ दाबताना आडोशामागे का जातो, शिशाचा अंगरखा का घालतो, आणि त्याच्या छातीवर लहानसा बिल्ला का असतो, हे आता तुमच्या ध्यानात येईल. त्या बिल्ल्यावरून त्याला मिळालेली मात्रा वेळोवेळी मोजली जाते. आपल्या देशात ह्या सर्व नियमांवर देखरेख ठेवण्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले.

परंतु नियम कागदावर असून भागत नाही. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भागात एक जुने, वापरातून गेलेले यंत्र भंगारात विकले गेले. आत कोबाल्ट-६० आहे, हे तेथे कोणाला ठाऊक नव्हते. कामगारांनी ते नेहमीप्रमाणे फोडले. चकाकणारे धातूचे तुकडे हातोहात फिरले. काही दिवसांत माणसे आजारी पडली आणि त्यांच्यापैकी एकाचा मृत्यू झाला. त्या बापड्यांचा दोष एवढाच की, ज्यांना ठाऊक असावयास हवे होते त्यांनी ते त्यांना सांगितले नव्हते. घड्याळाच्या तबकड्या रंगविणाऱ्या मुलींनाही ते कोणी सांगितले नव्हते. दोन्ही घटनांमध्ये ऐंशीहून अधिक वर्षांचे अंतर आहे. कारण मात्र एकच आहे.

म्हणून पिवळ्या पार्श्वभूमीवर मध्ये एक टिपका व त्याभोवती पंख्याच्या तीन पात्यांसारखी आकृती दिसली, तर तेथे थांबावे, त्या वस्तूस स्पर्श करू नये, आणि जाणत्या माणसास तत्काळ कळवावे. अनोळखी जड धातूची डबी भंगारात सापडली तर ती फोडू नये.

जे तेज इंद्रियांना कळत नाही, ते ज्ञानाला कळते. ह्या वाड्याच्या देवडीवरील पाच पहारेकरी जेथे आंधळे ठरतात, तेथे ज्ञान हाच सहावा पहारेकरी होय. तो आपल्याला फुकट मिळालेला नाही. डॅलीच्या हातांनी, ग्रेसच्या हाडांनी आणि क्यूरीबाईंच्या आयुष्याने त्याचे मोल आधीच चुकते केले आहे. ते ज्ञान आपण मिळवावे आणि ज्यांच्यापर्यंत ते पोहोचलेले नाही त्यांच्यापर्यंत पोहोचवावे, एवढेच काम आपल्यासाठी उरले आहे.

शब्दार्थ

देवडी – वाड्याच्या दारालगतची पहारेकऱ्यांची जागा. निर्वात – हवा काढून घेतलेली. एकस्व – शोधावरील कायदेशीर मालकी हक्क. अभ्राच्छादित – ढगांनी झाकलेले. सांगोपांग – सर्व अंगांनी पूर्ण. प्रारण – उगमातून चोहोकडे पसरणारी ऊर्जा. मात्रा – मोजून दिलेले प्रमाण. बव्हंशी – बहुतेक अंशी. निवर्तणे – मरण पावणे.

स्वाध्याय

१. ज्ञानेंद्रियांना लेखकाने पहारेकरी का म्हटले आहे? सहावा पहारेकरी कोणता?

२. बेक्वेरेल ह्यांच्या प्रयोगात ढगाळ हवेमुळे कोणता शोध लागला?

३. अल्फा, बीटा व गॅमा ह्या किरणांना अडविण्यासाठी काय काय लागते?

४. ‘बाहेर कागदापुढे हतबल होणारा शत्रू हाडांच्या आत ठाण मांडून बसला.’ ह्या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

५. क्ष-किरणांचे यंत्र व किरणोत्सर्गी पदार्थ ह्यांतील महत्त्वाचा फरक सांगा.

६. तबकड्या रंगविणाऱ्या मुली आणि मायापुरीचे कामगार ह्यांच्या दुर्दैवात लेखकाला कोणते साम्य दिसते? तुमचे मत लिहा.

७. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : ठाण मांडून बसणे, दाद मागणे, वणवण करणे, आवर घालणे.

८. विग्रह करून समास ओळखा : पती-पत्नी, रणभूमी, ज्ञानेंद्रिय, औषधोपचार.

९. जवळच्या रुग्णालयातील क्ष-किरण विभागास शिक्षकांसह भेट द्या. तेथे वेळ, अंतर व आडोसा हे तीन नियम कसे पाळले जातात, ते पाहून दहा ओळी लिहा.